अनुभव धागा: रामायण, मटण आणि गल्लीतला पडदा

परवा माळा झाडताना जुना अँटेना सापडला, दोन काड्या मोडलेला. भंगारात द्यायला काढला आणि परत ठेवला. ऐंशीच्या दशकात शिवाजी पेठेत आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा. मालकांनी काचेवर रंगीत प्लास्टिक चढवलेलं: वर निळं, खाली हिरवं. त्यामुळं बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ कायम निळं.

पण खरा घोळ रविवारचा. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, साडेनऊला. आता कोल्हापुरात रविवारी सकाळी माणूस कुठं असतो? मटणाच्या रांगेत. आजीनं फतवा काढला की रामाची आरती होईपर्यंत घरात मटण येणार नाही. मग वडील सात वाजताच रांगेत उभे राहायचे आणि पिशवी शेजारच्या गॅरेजमध्ये ठेवून यायचे. राम वनवासात असताना त्यांचं निम्मं लक्ष गॅरेजच्या मांजराकडं. जुलै १९८८ पर्यंत हे चाललं. पुढं ऑक्टोबरात महाभारत आलं तेव्हा आजी म्हणाली, 'ह्यात भांडणंच हायत, मटण चालतंय.'

तुमच्याकडं काय चालायचं? टीव्ही, टॉकीज, व्हीसीआर, काहीही लिहा.

मंगळवार पेठकर
लई भारी! आमच्यात गॅरेज नव्हतं, परसात बादली होती.
माझी आठवण गणपतीतली. गल्लीत आडवा पडदा बांधायचे, मध्ये प्रोजेक्टरची घरघर. पुढची जागा मोठ्यांनी पोत्यांनी अडवलेली, म्हणून आम्ही पोरं पडद्यामागं बसायचो. तिकडनं सगळं उलटं. पाट्या उलट्या, हीरो डावखुरा. मी एका सिनेमातली मारामारी मागनं तीनदा पाहिली होती. पुढं तोच सिनेमा टॉकीजला बघितला तर हीरो उजव्या हातानं ठोसा मारतोय. चुकल्यासारखंच वाटलं ओ.

माहेरवाशीण
'माहेरची साडी', १९९१. आई, दोन मावश्या, काकू आणि मी, एका रिक्षात. बायकांच्या खिडकीवर ही झुंबड. काकूची बांगडी फुटून हाताला लागलं, तरी तिकिटं सोडली नाहीत. आत सगळं थेटर मुसमुसतंय आणि काकू रडते ती हाताच्या दुखण्यानं. मावशीनं समजूत घातली, 'अगं, शेवटी चांगलं होतंय.' मावशीनंही बघितला नव्हता, दडपून दिलं.

रंकाळाकाठ
व्हीसीआर भाड्यानं, रात्रीत तीन सिनेमे, माणशी वर्गणी. तिसऱ्याला जागा कोणीच नसायचा. 'अशी ही बनवाबनवी'चा शेवट मला कित्येक वर्षं माहीत नव्हता.

जयप्रभाच्या मागची गल्ली
बाबूराव पेंटरांचं गाव आपलं, त्यामुळं प्रत्येक घरात कोणीतरी 'सिनेमात' असतंच. आमच्यात आजी. लग्नाआधी ती जयप्रभा स्टुडिओत गर्दीत उभी राहायला जायची. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना सगळ्यांसारखं 'बाबा' म्हणायची. तिच्या सांगण्यात सिनेमा कमी आणि जेवण जास्त असायचं, पंगतीत आमटीत किती डाळ होती वगैरे.
नव्वदीत एकदा टीव्हीवर ती ज्यात होती तो सिनेमा लागला. दुपारपासून निरोप गेले, शेजारपाजार जमला. आजी नेसूची साडी बदलून, चष्मा पुसून पुढं बसली. तासभर 'आता न्हवं, पाणवठा येऊ दे' चाललेलं. टीव्हीवर मुंग्या आल्या म्हणून भाऊ अँटेना फिरवायला कौलांवर चढला, खालनं आम्ही 'आलं... गेलं... तसाच धर!' ओरडतोय. आणि पाणवठा आला. पाच-सहा बायका घागरी घेऊन निघाल्या. आजी ताडकन उठली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर बोट टेकवलं, 'ही! ही मी!' बोट काढेपर्यंत घोडेस्वार आले होते.
आम्ही फक्त बोट बघितलं. भाऊ कौलांवरच.

रंकाळाकाठ
अहो, आता यूट्यूबवर असेल की तो सिनेमा. थांबवून बघा.

जयप्रभाच्या मागची गल्ली
बघितला. आई म्हणते तिसरी, मी म्हणतो शेवटून दुसरी. सगळ्या पाठमोऱ्या आहेत.