आईला बीपीची अॅमलोडिपिन चालू आहे, सोबत कॅल्शियम चालेल का?

सातारकर_८१: आईचं वय ६८, बरीच वर्षं अॅमलोडिपिन ५ चालू आहे. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली, मनगट फ्रॅक्चर, तर हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम ५०० रोज आणि व्हिटॅमिन डी थ्रीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दिलीये. आता शेजारच्या काकू म्हणतात की बीपीची गोळी कॅल्शियम अडवते आणि तुम्ही वरून कॅल्शियमच देताय, मग औषध लागू कसं पडणार? आईने तेव्हापासून कॅल्शियम घेणंच बंद केलंय, ऐकतच नाही. खरंच असं असतं का?

गोळीवाला: मेडिकल स्टोअर आहे माझं, हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो. अॅमलोडिपिन रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही, हाडातलंही नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींना कॅल्शियम आत घ्यायची बारीक दारं असतात ती हे औषध अर्धवट लोटून ठेवतं, म्हणून वाहिनी सैल पडते आणि बीपी उतरतं. आणि रोज ५०० घेतलं म्हणून रक्तातली पातळी सहसा वर जात नाही, शरीर ती साधारण ८.५ ते १०.५ मिग्रॅ/डेसिलिटरमध्येच धरून ठेवतं. या गोळ्यांचा ओव्हरडोस झाला तर हॉस्पिटलात शिरेतून कॅल्शियम देतात हे खरंय, पण ती मात्रा वेगळी, तोंडावाटे एका गोळीने तसं होत नाही. मला काळजी त्या पुडीची वाटते, लोक आठवड्याची पुडी रोज घेतात! तसं झालं तर कॅल्शियम खरंच चढतं, मग बीपीची गोळीही कमी लागू पडू शकते.

मीनल_ठाणे: थायरॉइडची गोळी असेल तर बघा हं, तिच्यात आणि कॅल्शियममध्ये ४ तास सोडायचे. सासूबाई दोन्ही सकाळी चहाबरोबर घ्यायच्या, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही केल्या खाली येईना.

सातारकर_८१: थायरॉइड नाहीये. पण आत्ता स्ट्रिप नीट वाचली तर अॅमलोडिपिनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ पण लिहिलंय, हे काय?

गोळीवाला: हे आधी सांगायचंत ना राव :) ती लघवीची गोळी, ती लघवीवाटे जाणारं कॅल्शियम रोखते, म्हणजे वरून कॅल्शियम आणि डी थ्री असलं की रक्तात साठू शकतं. घाबरू नका, पुष्कळ जणांना दोन्ही चालू असतात, पण हाडाच्या डॉक्टरांना ही स्ट्रिप दाखवलेली का? नसेल तर उद्याच फोटो पाठवा, सीरम कॅल्शियम (रक्तातलं कॅल्शियम) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करायचं का तेही विचारा. खूप तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच दाखवा. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

सातारकर_८१: नव्हती दाखवली, बीपीचे डॉक्टर वेगळे आहेत. उद्या दोघांना फोन करतो. कॅल्शियम परत सुरू केलं तर जेवणाआधी की नंतर?

मीनल_ठाणे: पाकिटावर कार्बोनेट असेल तर जेवणानंतर, सायट्रेट असेल तर कधीही.