मदत हवी आहे: एक्सपल्सचा वाकलेला फोर्क पाईप सरळ करावा की बदलावा?

गाडी हिरोची एक्सपल्स 200 4व्ही, साधं मॉडेल, 37 मिमीचे फोर्क (पुढचं सस्पेन्शन). भोरकडच्या कच्च्या वाटेवर पुढचं चाक पाण्याने कापलेल्या चरात अडकलं आणि गाडी आपटली. तेव्हापासून हँडल डावीकडे तिरकं आणि उजव्या फोर्कमधून ऑइल गळतंय.

आधी वाटलं, फोर्क फक्त टीमध्ये (हँडलखाली फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) फिरले असतील. एक्सल आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करून, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा दाबले आणि परत आवळले. काही फरक नाही. ऑइल सील बदललं, दोन आठवड्यांत पुन्हा गळती. मग पाईप काढून जाड काचेवर लोळवले. डावा सरळ आहे. उजवा खालच्या टीच्या जरा खाली वाकलाय, मधे सुमारे 2 मिमी फट दिसते. क्रोम सोललेलं नाही, घडीही पडलेली नाही. रिम आणि कोनसेट (हँडलचे बेअरिंग) ठीक आहेत.

लेथवाले म्हणतात, प्रेसवर सरळ करून देतो. वर्कशॉपवाले पूर्ण जोडीच बदलायला सांगतात. जोडीचा खर्च सध्या झेपणारा नाही, पण घाटात उतरताना पाईप दगा देईल अशी जोखीमही नको. गाडी रोज वापरात आहे, महिन्यातून दोनदा ट्रेलवर जाते.

प्रेसवर सरळ केलेला पाईप कोणी ट्रेलवर वर्षभर तरी वापरलाय का? फक्त उजवा पाईप नवा टाकला तर चालेल? आणि खालची टी पिळली आहे का, हे घरी खात्रीने कसं तपासायचं?