मॅनिफोल्डचा स्टड हेडात तुटला: आधी वेल्डिंग की आधी ड्रिल?

फिटर कळंबोली

गेल्या आठवड्यात एक दहाचाकी गॅरेजला आली. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, माल लोखंडाचा, लाईन घाटाची. सकाळी स्टार्ट केली की टक-टक-टक, आणि इंजिन तापलं की आवाज गायब. दोन ठिकाणी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून झालेले. कॅबिन टिल्ट करून बॅटरी मारली तर सहाव्या सिलिंडरच्या पॅकिंगपाशी काजळीचा पंखा उमटलेला. वरचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड (धुराचा पाईप) इंजिनच्या हेडाला आवळणारा आट्यांचा दांडा, हेडाच्या तोंडाला लागून तुटलेला. आणि आधीच्या कुणा मिस्त्रीने त्यात ईझी-आऊट (तुटलेला स्टड काढायचा उलट्या आट्यांचा, निमुळता खिळा) घालून तोही आतच मोडून ठेवलेला.

त्या मोडक्या ईझी-आऊटपायी आमचे दोन दिवस गेले, म्हणून हा धागा. माझं मत असं: बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडात स्टड तुटला तर पहिला हात वेल्डिंगला घालायचा, ड्रिलला नाही. ईझी-आऊटला तर हातच लावायचा नाही. जो स्टड पूर्ण जाडीचा असताना पान्याला हलला नाही, तो मधोमध भोक पाडून पोकळ केल्यावर त्याहून बारीक हत्याराला कसा हलेल? उलट ईझी-आऊट पाचरीसारखा आत घुसतो आणि स्टडला बाहेरच्या बाजूला फुगवून आट्यांत आणखी आवळतो.

आमची पद्धत सांगतो. दहा एमएमच्या स्टडवर बारा एमएमचा नट ठेवायचा, म्हणजे वेल्डिंगच्या टॉर्चला आत जागा मिळते. नट काळा घ्यायचा. जस्ताचा मुलामा असलेल्या नटाने वेल्डिंगला जाळी पडते आणि तो धूर छातीला वाईट. मिगने (तारेच्या वेल्डिंगने) थेट स्टडच्या मध्यावर सुरुवात करून नट भरत आणायचा. स्टड तोंडाच्या आत तुटला असेल तर आधी थेंबावर थेंब चढवून तो वर आणायचा. वेल्डिंगचा थेंब पोलादाला पकडतो, गंजलेल्या, काजळी बसलेल्या बिडाला तसा पकडत नाही. लाली जाईपर्यंत थांबायचं, मग पाना लावून आधी आवळायच्या बाजूला जरासा, मग सोडायच्या बाजूला. पाव आटा पुढे, पाव आटा मागे. नट तुटला तर दुसरा. प्रत्येक नटाबरोबर स्टड पुन्हा लाल होऊन फुगतो आणि थंड होताना आकसतो, त्यात गंज फुटतो. एका स्टडवर पाचवा नट चालल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरं मत असेल तर मांडा.

उद्यमनगरचा टर्नर

दादा, तुमच्या हाताला यश आहे हे मान्य. पण तुमच्या हातून फसलेली हेडं शेवटी आमच्या टेबलावर येतात, म्हणून लिहितो.

आर्क जरासा सरकून बिडाला लागला की तेवढा ठिपका वितळतो आणि आजूबाजूच्या थंड बिडामुळे झटकन गार होतो. तिथलं बीड पांढरं आणि काचेसारखं कडक बनतं. मग त्यावर ड्रिल नुसतं घसरतं. शेजारी केसाएवढी चीर गेली तर ती त्या दिवशी दिसतही नाही. सगळ्या पोरांचा हात तुमच्यासारखा स्थिर नसतो, आणि चेसिस व कॅबिनच्या मधे वाकून, डोळ्यावर काच धरून दहा एमएमच्या मध्यावर टॉर्च ठेवणं सोपं नाही.

ड्रिलचं नाव खराब झालं ते हाताने मारल्यामुळे. तुटलेल्या स्टडचं तोंड तिरपं असतं, ड्रिल मऊ बाजूला म्हणजे बिडाकडे पळतं. त्यावर उपाय आहे. मॅनिफोल्डच्या भोकात बसेल असा बुश (जाड नळी) लेथवर बनवायचा, बाहेरून भोकाच्या मापाचा आणि आतून पाच एमएमचा. मॅनिफोल्ड दोन चांगल्या स्टडांवर परत आवळायचा, बुश घालायचा आणि त्यातून ड्रिल उतरवायचं. ड्रिल आपोआप मध्यावर जातं. मी तर उलट्या फिरकीचं ड्रिल वापरतो. साडेसहाच्या आसपास गेलं की कधी कधी स्टड स्वतःच फिरून बाहेर येतो. नाही आला तर ८.५ पर्यंत जायचं. १.५ पिचच्या दहाच्या आट्याला टॅपचं ड्रिल तेवढंच असतं. मधोमध असाल तर स्टडची नुसती आट्यांची स्प्रिंग उरते. ती टोकदार सुईने ओढून काढायची आणि टॅप फिरवून आटे साफ करायचे. हेडाला आच नाही, धक्का नाही.

दोन गाड्यांचा मालक

तुम्ही दोघेही कसबी आहात, पण आमची बाजूही ऐका. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. एक स्टड गेला म्हणून लगेच काम काढायलाच हवं का? बारांपैकी अकरा आहेत. माझी एक गाडी उसाच्या हंगामात अख्खे तीन महिने तशीच चालली. आवाज होता, बाकी काही नाही. हंगाम संपल्यावर सावकाश केलं तर काय बिघडतं?

फिटर कळंबोली

मालक, तुमची अडचण खोटी नाही. पण "बाकी काही नाही" हे मला पटत नाही. त्या तीन महिन्यांचं डिझेल तुम्ही वेगळं मोजलं होतं का? मॅनिफोल्डमधला दाब टर्बोच्या चाकासाठी असतो. तो वाटेतच फुसकन निघाला तर बूस्ट (टर्बोने आत ढकललेली हवा) कमी, पिकअप कमी, चढणीला ड्रायव्हर जास्त दाबणार आणि काळा धूर मारणार. आणि टर्बोच्या आधीचा वायू भरलेल्या गाडीत घाट चढताना सहाशे डिग्रीच्या वर जातो. तो एकाच फटीतून सतत निघाला की हेडाचं तोंड खातो. परवाच्या गाडीत पॅकिंग काढल्यावर नख अडकेल एवढा चर दिसला, पोर्टपासून थेट स्टडच्या भोकापर्यंत. आता ते हेड उतरवून तोंड मारून घ्यावंच लागेल. स्टड एकटा असताना वेळेवर केलं असतं तर जागेवर भागलं असतं.

वायरिंग किंवा डिझेलचा पाईप त्या झोताच्या समोर असेल तर काय होऊ शकतं हे तुम्हाला सांगायला नको. तुमची दुसरी गाडी आता टकटक करत असेल तर एवढं तरी आजच बघा.

शिवाय तो स्टड एकटा राहत नाही. टोकाचेच स्टड का तुटतात ते बघा. मॅनिफोल्ड पाऊण मीटरच्या आसपास लांब. तो पाचशे डिग्रीने तापला तर चार एमएमच्या आसपास वाढतो. हेड मात्र पाण्यामुळे शंभरीच्या आसपासच राहतं. मधले स्टड जागच्या जागी राहतात, टोकाचे दर फेरीला बाहेर ढकलले जातात आणि गार झाल्यावर परत ओढले जातात. वर्षानुवर्षं वाकून वाकून पोलाद थकतं. एक गेला की त्याचा भार शेजारच्यावर.

उद्यमनगरचा टर्नर

या मुद्द्यावर मी फिटर दादांबरोबर आहे. चर पडलेलं तोंड नुसत्या जाड पॅकिंगने किंवा सीलंटने बंद होत नाही.

टूलरूमवाली

ईझी-आऊटबद्दल थोडं. तो कडक केलेल्या पोलादाचा असतो. साधं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल त्यावर दोन फेऱ्यांत बोथट होतं. आमच्याकडे भोसरीत अशी कामं येतात तेव्हा स्पार्क इरोजनवर लावतो. तांब्याचा इलेक्ट्रोड मोडक्या तुकड्याच्या मध्यावर उतरवायचा, ठिणगीने तो कणाकणाने झिजतो आणि आजूबाजूचे आटे शाबूत राहतात. पण त्यासाठी हेड उतरवून आणावं लागतं. फिटर दादा, तुम्ही जागेवर कसा काढलात?

फिटर कळंबोली

ताई, डाय ग्राइंडरला कार्बाइडचा बारीक बर (दातेरी टोक) लावून, कण कण. दोन बर मोडले. डोळ्यावर चष्मा असूनही वरून फडकं बांधून केलं. तुकडा निघाल्यावर उरलेल्या स्टडवर नट वेल्ड केला, आणि तो तिसऱ्या नटाला फिरला. त्यात दोन दिवस गेले. हेड उतरवायचं म्हणजे इंजेक्टरचे पाईप, रॉकर, टर्बोची ऑईल लाईन, पाणी, नवं हेड पॅकिंग आणि परत टॅपेट. मला तेव्हा ते टाळायचं होतं. पण शेवटी चर निघाल्यामुळे हेड उतरवावंच लागणार, हेही खरं. आधी पॅकिंग पूर्ण काढून तोंड नीट बघितलं असतं तर मीच हेड पहिल्या दिवशी उतरवलं असतं.

नवी गाडी, नवी काळजी

वेल्डिंगवाल्यांना कळकळीची विनंती. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे, सेन्सर आहेत, नॉक्सचा (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) वेगळा सेन्सर आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कनेक्टर सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा हेडाच्या जवळच लावा. चिमटा चेसिसच्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि टर्बोमधून वाट काढतो. या गाड्यांत मॅनिफोल्ड गळला तर ईजीआरचंही (थोडा धूर परत इंजिनात सोडायच्या यंत्रणेचंही) गणित चुकतं आणि चेकलाईट लागते. मालकांना "हंगाम संपू दे" म्हणायला इथे जागाच नाही.

एसटीतून निवृत्त

मी विभागीय कार्यशाळेत आयुष्य काढलं. तुमचा सगळा वाद स्टड तुटल्यानंतरचा आहे. आमच्याकडे सोडायच्या आधीच्या कामावर जोर असायचा. आदल्या संध्याकाळी तेल सोडायचं, सकाळी परत. मग गॅसच्या ज्योतीने नट आणि त्याच्या भोवतालचं बीड गरम करायचं आणि लाली यायच्या आत मेणबत्तीचं टोक आट्याला टेकवायचं. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत शिरतं, डोळ्यांदेखत ओढलं जातं. पाना लावला की पहिलं बळ आवळायच्या दिशेला, अगदी थोडं. "कुर्र" असा आवाज आला तर तो सुटणार. रबरासारखा ताण लागून काहीच आवाज आला नाही तर थांबायचं आणि परत गरम करायचं, कारण तो स्टड पिळला जातोय. नव्या पोरांनी इम्पॅक्ट गन बाजूला ठेवून हाताने हे ऐकायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. गनमध्ये तो आवाज कळतच नाही.

तरीही तुटला तर मी टर्नरसाहेबांच्या बाजूचा. बुश घालून ड्रिल.

उद्यमनगरचा टर्नर

काका, "कुर्र" आवाजाचं अगदी बरोबर सांगितलंत. आता मी फिटर दादांचं एक मान्य करतो. स्टड तोंडापासून दोन-तीन एमएम तरी बाहेर असेल तर नट वेल्ड करणंच लवकर होतं, आणि आर्क बिडापासून लांब राहतो. तोंडाबरोबर किंवा आत तुटला असेल तर मात्र माझं मत तेच राहील, बुश आणि ड्रिल. तिथे थेंबावर थेंब चढवणं हे फार थोड्या लोकांचं काम आहे आणि बघून शिकणारा पोरगा पहिलं हेड नक्की खराब करतो.

आणखी एक. स्टड काढून नवे घातले की काम संपलं असं समजू नका. मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. जुना मॅनिफोल्ड केळासारखा वाकलेला असतो. तो तसाच आवळलात तर नवा स्टड पहिल्या दिवसापासून ताणात. प्लेनिंग करून (तोंडं सपाट करून) घ्या.

दोन गाड्यांचा मालक

फिटर दादा, तुमचं वाचून काल दुसऱ्या गाडीची कॅबिन उचलून बघितली. पहिल्या सिलिंडरपाशी तसाच काळा पंखा. स्टड अजून जागेवर आहे, नट मात्र हाताने फिरतोय. बारा स्टड, बारा नट आणि पॅकिंग कंपनीचं मागवलं आहे. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट चालतील का असं माझा ड्रायव्हर विचारतो.

फिटर कळंबोली

नाही चालणार. तापात साधा बोल्ट ढिला पडतो आणि महिन्याभरात परत तोच आवाज. काही इंजिनांना कंपनी लांब बोल्ट आणि खाली स्लीव्ह (नळी) देते. लांब बोल्ट जास्त ताणला जातो म्हणून पकड टिकते. तुमच्या गाडीला स्लीव्ह असतील तर त्या फेकू देऊ नका. आवळताना मधून टोकाकडे जा, टॉर्क पाना लावूनच.

रविवारी गाडी घेऊन या. शनिवारी संध्याकाळी निघायच्या आधी बाराही नटांवर तेल सोडून ठेवा आणि सोडायचं काम मात्र वाटेत कुणाकडूनही करून घेऊ नका. मेणबत्ती मी आणून ठेवतो. टर्नरसाहेब, त्या बुशाची नेमकी मापं इथेच टाका. पहिल्या सिलिंडरचा स्टड तोंडाशी तुटलाच तर या वेळी तुमच्या पद्धतीने करून बघतो.

उद्यमनगरचा टर्नर

मॅनिफोल्डचं भोक व्हर्नियरने मोजून कळवा. सगळ्यांचं एकसारखं नसतं, टोकाचं भोक बहुतेक वेळा मोठं किंवा लांबट ठेवलेलं असतं. लांबट असेल तर बुशाला खांदा ठेवावा लागेल. शुक्रवारपर्यंत कळलं तर शनिवारच्या एसटीने पाठवतो.