दाखल कोविड रुग्णांवर औषधचाचणी: तुलना-गट हवाच का?

वाशीकर: ऑक्सिजनवरच्या रुग्णांवर नवं औषध तपासायचंय. सगळ्यांनाच देऊन निकाल पाहिला तर?

ठाणे_आयसीयू: नको. बरेच जण औषधाविनाही बरे होतात, श्रेय मात्र औषधाला जातं. दोन गट हवेत: एकाला औषध, दुसऱ्याला (तुलना-गट) नेहमीचे उपचार. रुग्णाच्या संमतीनंतरच त्याचा गट संगणकाकडून, चिठ्ठी काढल्यासारखा, काढा. गट आधी कळला की गंभीर रुग्ण नकळत एकाच बाजूला जातात.

आकडेवाला: ऑक्सिजनची गरज सुरुवातीलाच नोंदवा. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्यांचे २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारात ४१.४ टक्के, औषधाने २९.३. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही! नुसती सरासरी पाहिली असती तर हे दडलं असतं.

वाशीकर: डिस्चार्ज झालेल्यांचा निकाल कसा कळणार?

ठाणे_आयसीयू: २८व्या दिवशी फोन. नातेवाइकाचाही नंबर घ्या. आणि पहिल्या रुग्णाआधी एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआय (भारतातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी.