एकाच गावी, दिवसाआड सामने: मुलींचा संघ नेताना तयारी कशी करावी?

रंकाळा_काठ

महिला फुटबॉलच्या इंडियन वुमेन्स लीगची (आयडब्ल्यूएल) पहिली काही वर्षं सगळे संघ एका शहरात बोलावून खेळवली गेली. २०२३-२४ ला होम-अवे (एक सामना आपल्या मैदानावर, एक समोरच्यांच्या) आलं. खालच्या स्पर्धा मात्र अजून जुन्याच पद्धतीने होतात: सगळे एका गावी, एक दिवस सोडून सामना.

संघ २० मुलींचा, दोन गोलकीपर धरून. वय १७ ते २०. दहा दिवसांत पाच सामने, त्यातले दोन कृत्रिम गवतावर, आणि ऊन एप्रिलचं. अशा स्पर्धेत तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून मांडीचे स्नायू आणि गुडघे बोलायला लागतात. खेळाडू कशा फिरवाव्यात, वॉर्मअप काय ठेवावा आणि खाण्यापिण्याचं काय पाहावं? महागडी साधनं नाहीत असं धरून सांगा.

---

मधली_फळी

आधी आयडब्ल्यूएलचेच आकडे बघा, दुखणं कुठून येतं ते कळेल. पहिली अंतिम फेरी २०१७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली, २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी. सहा संघ, साखळीत प्रत्येकी ५ सामने, मग उपांत्य आणि अंतिम. म्हणजे मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने १८ दिवसांत ७ सामने खेळून करंडक उचलला. २०२२-२३ ला अहमदाबादेत १६ संघ होते. विजेत्या गोकुलम केरळने २६ दिवसांत १० सामने खेळले, तेही २६ एप्रिल ते २१ मे. दोन सामन्यांत सरासरी तीन दिवसही नाहीत.

पूर्ण ९० मिनिटं खेळल्यावर स्नायूंमधला साखरेचा साठा भरून यायला ४८ ते ७२ तास लागतात. तो भरायच्या आत पुन्हा पळवलं की शेवटच्या २० मिनिटांत मांडीचा मागचा स्नायू धावताना वेळेवर ब्रेक लावत नाही, आणि तिथेच तो फाटतो. दमलेली मुलगी वळताना गुडघाही सांभाळू शकत नाही.

आता तुमचं गणित. पाच सामने, मैदानावर दहा जणी (गोलकीपर वेगळी), ९० मिनिटं: एकूण ४५०० मिनिटं. ती १८ जणींत वाटली तर प्रत्येकीला २५०. सगळ्यांना सारखी वाटा असं मी म्हणत नाही, पण सगळ्यात चांगल्या मुलीलाही पाच सामन्यांत ३६० च्या वर नेऊ नका. हा तक्ता घरूनच करून निघा. सामन्याच्या दिवशी बेंचवर बसून ठरवायला गेलं की भावना जिंकते आणि तीच सात नावं पाचही सामने पूर्ण खेळतात.

नियमावलीत पाच बदल असतील तर ते तीन वेळांतच करता येतात, पण मध्यंतरातला बदल त्या तिनांत धरत नाहीत. म्हणून दोन बदल मध्यंतरातच उरका. विंगर आणि साइडबॅक आधी बदला, सगळ्यात जास्त वेगाची धाव त्यांचीच असते. स्टॉपरला बाहेर काढायची घाई नको.

---

टाच_आणि_चवडा

वॉर्मअपसाठी 'फिफा ११ प्लस' घ्या. फुकट आहे, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली त्याची मोठी चाचणी नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवरच झाली होती. तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. मुलींसाठी हे महत्त्वाचं, कारण गुडघ्यातला एसीएल (सांधा आतून धरून ठेवणारा अस्थिबंध) तुटण्याचा धोका त्यांना मुलांच्या किमान दुप्पट असतो.

सामान म्हणजे १२ कोन: सहा जोड्या, एका ओळीत ५-६ मीटरवर. एकूण २० मिनिटं.

पहिली ८ मिनिटं हळू धाव: सरळ, मांडी बाहेर फिरवत, आत फिरवत, जोडीदाराभोवती गोल, खांद्याला खांदा लावून उडी, आणि पुढे-मागे झटपट. मग १० मिनिटं ताकद आणि तोल: समोरचा प्लँक आणि बाजूचा प्लँक प्रत्येकी ३ वेळा २०-३० सेकंद, नॉर्डिक (कसं करायचं ते पुढे आहे), एका पायावर उभं राहणं, स्क्वॉट, उड्या. शेवटी २ मिनिटं जोरात धाव, लांब ढांगा, आणि पाय रोवून दिशा बदलणं.

इथे बहुतेक संघ हमखास चुकतात. सामन्याआधी मधला १० मिनिटांचा भाग करायचा नाही. फक्त पहिला आणि तिसरा. पूर्ण ११ प्लस सरावाला, आठवड्यातून किमान दोनदा, आणि स्पर्धेच्या निदान दहा-बारा आठवडे आधीपासून. निघायच्या आठवड्यात नॉर्डिक नव्याने सुरू केलं तर मांड्या इतक्या धरतील की पहिला सामना त्यातच जाईल.

नॉर्डिक म्हणजे घडी घातलेल्या टॉवेलवर गुडघे, जोडीदारीण घोटे घट्ट दाबून धरते, आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा पुरे. कंबरेत वाकून पुढे पडणारी मुलगी दहा वेळा करेल, पण मांडीला काहीच मिळणार नाही. कंबर वाकली की तिथेच थांबवा.

उडीची तपासणी मोबाइलवर होते. साधारण ३० सेंटीमीटरच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून चित्रीकरण करा. टाच टेकताना गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला कोसळतोय का बघा. ज्यांचा कोसळतो त्यांना उड्या वाढवू नका. आधी आरशासमोर स्क्वॉट, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. हे सुधारायला आठवडे लागतात.

---

मडगाव_मैदान

वरचं सगळं पटलं, पण एका शहरातल्या स्पर्धेला सरसकट नावं ठेवू नयेत. लहान क्लबला ती परवडते. २०१९-२० ला बेंगळुरूच्या अंतिम फेरीत १२ संघ होते, त्यात कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे. पहिल्या मोसमात पुणे सिटी होता. होम-अवे आलं तेव्हा १६ चे संघ ७ झाले, आणि महाराष्ट्राचा त्यात एकही नव्हता. प्रत्येकीला १२ सामने तीन-साडेतीन महिन्यांत पसरून मिळाले, हे खेळाडूंच्या दृष्टीने निःसंशय चांगलं. पण प्रवासाचा खर्च उचलेल तोच टिकतो. आता खालच्या आयडब्ल्यूएल २ मधून चढावं लागतं. गोव्याची सेसा तशीच वर आली.

आता कृत्रिम गवत. एकच बुटांचा जोड दोन्ही मैदानांवर वापरू नका. लांब, पात्यासारखे स्टड त्या गवतात रुतून बसतात: पाय जागेवर अडकतो, अंग वळतं, आणि मधला गुडघा पिळवटतो. 'एजी' (कृत्रिम गवतासाठीचे) लिहिलेले, बरेच आखूड स्टड असलेले बूट घ्या. जमत नसेल तर रबरी गाठींचे टर्फ शूज चालतील. नवा जोड स्पर्धेत पहिल्यांदा घालायचा नाही. मुलींना मुलांचे बूट मिळतात आणि टाच सैल राहते. तेव्हा सगळ्यात वरच्या जादा छिद्रातून नाडी ओवून बांधली की टाच धरते.

दुपारी हे गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. वॉर्मअप बाहेरच्या सावलीतल्या मातीवर करा.

---

शिदोरी

सामना संपल्यावर पहिले चार तास सगळ्यात मोलाचे. वजनाच्या दर किलोला तासाला साधारण १ ग्रॅम कर्बोदकं. ५० किलोच्या मुलीला ५० ग्रॅम म्हणजे दोन मध्यम केळी, किंवा ६५ ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी. डबा मैदानावरच हवा. मुक्कामी जाऊन, आंघोळी उरकून जेवू म्हटलं की दोन तास गेले. जेवणात वरणभात, अंडी किंवा उसळ, दही.

पाण्यासाठी वजनकाटा न्या. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. ५० किलोत १ किलो घट म्हणजे २ टक्के, तिथून खेळ मंदावतो. घटलेल्या प्रत्येक किलोला दीड लिटर, थोडं थोडं करून, त्यात मीठ हवंच. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरात पूर्ण ओता. अर्धं-अर्धं अंदाजाने टाकू नका. आणि मुलींची वजनं मोठ्याने वाचू नका, प्रत्येकीला फक्त घटीचा आकडा सांगा. वजनावरून टोमणे खाल्लेली मुलगी जेवण तोडते, आणि मग हाडाला तडे जाईपर्यंत कुणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट लोह. तीन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे पाठवा, गोळ्या स्वतःहून देऊ नका. जेवणाबरोबर चहा बंद, लिंबू किंवा आवळा सुरू. पाळी सलग तीन महिने चुकली असेल तर तीही डॉक्टरांनाच दाखवायची गोष्ट आहे.

उन्हाबद्दल व्यवस्थापकांच्या बैठकीतच पंचांना विचारून घ्या. डब्ल्यूबीजीटी (ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेलं तापमान) ३२ च्या वर गेलं तर साधारण ३० व्या आणि ७५ व्या मिनिटाला पाण्यासाठी थांबावं, असं फिफाचं मार्गदर्शन आहे. ओले टॉवेल बर्फाच्या पेटीत तयार ठेवा आणि मानेवर टाका.

---

रंकाळा_काठ

सगळ्यांचे आभार. एकच शंका: मधल्या विश्रांतीच्या दिवशी काय करून घ्यावं?

---

मधली_फळी

ज्या ६० मिनिटांहून जास्त खेळल्या त्यांना २० मिनिटं चालणं, हलकी सायकल किंवा पाण्यात पाय हलवणं, बस. दुपारी झोप. ज्या बेंचवर होत्या त्यांना मात्र सामन्याच्या दिवशीच, सामना संपल्यावर तिथेच ६ ते ८ वेगवान धावा द्या, प्रत्येकी ४० मीटर, मधे पूर्ण दम खाऊन. नाहीतर चौथ्या सामन्यात त्या थेट बसून आलेल्या पायांनी उतरतात, आणि पहिल्याच जोरदार धावेला मांडी धरतात.