शब्दचर्चा : जहाजावरच्या मेजवानीचा ‘ड्रेस कोड’ – संकेत, नियम की सक्ती?

प्रश्न

पर्यटन-जहाजाच्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना ‘फॉर्मल नाइट’ आणि ‘ड्रेस कोड’ या दोन शब्दांपाशी अडलो आहे. ‘वस्त्रसंहिता’ लिहिले की वाचकाला देऊळ आठवते आणि ‘गणवेश’ लिहिले की शाळा. शिवाय ठरलेला पोशाख न घालता आलेल्या प्रवाशाला जेवणाच्या दालनात सोडायचे की नाही, याविषयी मूळ मजकूर संदिग्ध आहे. अशी सक्ती असावी का, यावर जाणकारांचे मत वाचायला आवडेलच. पण आधी शब्द सुचवावेत, ही विनंती.

प्रतिसाद

आपण दोन प्रश्न विचारले आहेत असे वाटते खरे, परंतु ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. दालनाच्या दाराशी नेमके काय घडणार, हे ठरल्याशिवाय त्याला शब्द देता येणार नाही.

‘फॉर्मल’पासून सुरुवात करतो. आजच्या मराठीत ‘फॉर्मल’ म्हणजे कचेरीत किंवा मुलाखतीला जाताना घालायचे कपडे : इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. जहाजावर या शब्दाचा अर्थ पूर्णपणे निराळा आहे. तेथे पुरुषांसाठी काळा डिनर जॅकेट आणि बो टाय, निदान गडद सूट आणि टाय, आणि स्त्रियांसाठी पायघोळ गाऊन किंवा त्या तोडीचा पोशाख अभिप्रेत असतो. या एका शब्दाने आमच्या घरच्यांची कशी फसगत झाली, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी थोरले बंधू आणि वहिनी यांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही युरोपातील एका जहाजाच्या सफरीला गेलो होतो. पत्रकात ‘फॉर्मल’ असे वाचून दादाने दोन नवे शर्ट आणि राखाडी पँट घेतली होती. मेजवानीच्या संध्याकाळी दालनाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुख्य वाढप्याने वहिनींच्या पैठणीकडे पाहून अदबीने मान झुकवली आणि दादाला मात्र तितक्याच अदबीने थांबवले. तो गोव्याचा होता. हळू आवाजात मराठीत म्हणाला, “साहेब, वहिनींचं उत्तम आहे. तुमच्यासाठी एक कोट बघू का?” त्याने आणलेला कोट दोन बोटे आखूड होता. संपूर्ण जेवणभर दादा शर्टाच्या बाह्यांची टोके आत सारत बसला होता आणि पुढ्यातल्या माशाची चव कशी होती, हे त्याला आजही सांगता येणार नाही. दुःखाची गोष्ट अशी की, पुतण्याच्या लग्नात शिवलेला काळा बंदगळा घरी कपाटात टांगलेला होता. तो त्या दालनात सहज चालला असता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. म्हणून माहितीपत्रकात ‘फॉर्मल पोशाख’ एवढेच लिहून थांबू नये, असे मी कळकळीने सुचवतो.

मग ‘औपचारिक’ चालेल का? कोशात चालेल, परंतु कानाला चालत नाही. ‘औपचारिक भेट’, ‘औपचारिकता उरकली’ अशा प्रयोगांमुळे या शब्दाला मन नसलेल्या कृतीचा वास चिकटला आहे. मुळात ‘उपचार’ म्हणजे आदराने केलेली सेवा. षोडशोपचार पूजेतला क्रम पाहिला, तर वस्त्र आधी येते आणि नैवेद्य बराच नंतर. समोरच्याचा मान राखायचा तर आधी वस्त्र आणि मग अन्न, ही जाण आपल्या भाषेत इतक्या खोलवर आहे. पण ‘औपचारिक’ या रूपात ती आता ऐकू येत नाही. त्यापेक्षा ‘समारंभी पोशाख’ हा शब्द मला योग्य वाटतो. समारंभाला काय घालावे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पैठणी, शेरवानी, बंदगळा, सूट हे सारे त्यात आपोआप येते, आणि कचेरीचा शर्ट आपोआप बाहेर राहतो.

जेवणासाठी खास वस्त्र ही कल्पना साहेबाकडून आली, असेही समजू नये. जुन्या घरांतून पुरुष मुकटा किंवा कद (सोवळ्याची रेशमी वस्त्रे) नेसून पानावर बसत. पंगतीला बसण्याआधी वस्त्र बदलणे हा तेथे पोशाखाचा नियमच होता आणि तो मोडणाऱ्याला पाटावर जागा मिळत नसे. मात्र त्या सोवळ्याचा पाया शुचितेच्या कल्पनेत होता आणि त्याने असंख्य माणसांना पंगतीबाहेर ठेवले. वस्त्राचा नियम माणसाला दूर ठेवण्याचे हत्यार कसा होतो, हे आपण घरातच पाहिलेले आहे. त्यामुळे जहाजावरच्या नियमाकडे पाहतानाही माझा पहिला प्रश्न हाच असतो, की तो प्रसंगाची शोभा राखण्यासाठी आहे की माणसे गाळण्यासाठी.

आता ‘वस्त्रसंहिता’. गेल्या काही वर्षांत हा शब्द वृत्तपत्रांत रुळला तो मुख्यतः मंदिरांच्या संदर्भात. 2023 च्या मे महिन्यात तुळजापूरच्या मंदिरात तोकड्या कपड्यांना मज्जाव करणारे फलक लागले आणि वाद झाल्यावर ते काढलेही गेले, त्या वेळी हा शब्द सर्वतोमुखी झाला. तेथे तो मुख्यत्वे निषेध सांगतो, म्हणजे अमुक घालू नका. जहाजावरच्या मेजवानीचा नियम विधी सांगतो, म्हणजे अमुक घालून या. आपल्याकडे ‘विधिनिषेध’ असा जोडशब्दच आहे; त्याचे दोन भाग येथे दोन ठिकाणी वाटले गेले आहेत. निषेध पाळायला एखादी वस्तू टाळली की पुरते. विधी पाळायला ती वस्तू जवळ असावी लागते, विकत घ्यावी लागते, विमानात 23 किलोंच्या सामानात बसवून न्यावी लागते. विधी निषेधाहून महाग पडतो, आणि म्हणून तो सांगणाऱ्याची जबाबदारीही मोठी असते. जुन्या अटलांटिक जहाजांवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री समारंभी पोशाखाची अपेक्षा नसे, कारण त्या रात्री पेट्या उघडायच्या किंवा बांधायच्या असत. नियम करणाऱ्यांना प्रवाशाच्या पेटीची आठवण होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जहाज कंपन्यांनी स्वतः हे शब्द कसे बदलत नेले, हे पाहणे आपल्या कामासाठी आवश्यक आहे. क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी 2’ सारख्या जहाजांवर ‘फॉर्मल’च्या जागी ‘गाला इव्हनिंग’ आले. हा बदल निदान प्रामाणिक आहे, कारण ‘गाला’ या शब्दाचा जुना अर्थच सणासुदीचा पोशाख असा होता. हॉलंड अमेरिका कंपनीने ‘गाला’ही सोडून ‘ड्रेसी’ हा शब्द घेतला. सेलेब्रिटी कंपनीने ‘इव्हनिंग शिक’ आणि कार्निव्हलने ‘क्रूझ एलिगंट’ अशी नावे दिली. नॉर्वेजियन कंपनीने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून समारंभी रात्रींचे बंधनच काढून टाकले. ज्याने बंधन काढले त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही आणि ज्याने ठेवले त्याच्याबद्दलही नाही. तक्रार आहे ती मधल्या शब्दांबद्दल. ‘शिक’ म्हणजे टाय लागतो की नाही? ‘ड्रेसी’मध्ये जीन्स बसते का? नियम सैल करायचा आहे, पण तसे म्हणायचे नाही, आणि नियम लावायचा आहे, पण तेही म्हणायचे नाही, अशा अडचणीतून हे शब्द जन्माला आलेले दिसतात. त्याचा ताप शेवटी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला होतो. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींपासून गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, पिढ्यान्‌पिढ्या जहाजांच्या भोजनदालनांत राबत आले आहेत. ज्या नियमाचे शब्द कंपनीने धूसर ठेवले, तो नियम अनोळखी पाहुण्याच्या तोंडावर सांगण्याचे काम या माणसांच्या वाट्याला येते, आणि पाहुण्याचा रागही त्यांच्याच वाट्याला येतो.

मराठीला येथे शब्दांची वाण नाही. प्रघात, रिवाज, शिरस्ता, संकेत, नियम, दंडक, सक्ती असे एकाहून एक कडक शब्द आपल्याकडे आहेत. प्रघात मोडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. संकेत मोडला तर माणसे वळून पाहतात, पण अडवत नाहीत. नियम मोडला तर कुणीतरी अडवायला उभे असते. म्हणून माझी सूचना अशी, की जेथे कंपनी केवळ अपेक्षा व्यक्त करते तेथे ‘वेशसंकेत’ लिहावे आणि जेथे दाराशी अडवले जाते तेथे न संकोचता ‘वेशनियम’ लिहावे. मूळ मजकूर संदिग्ध असेल, तर कंपनीला लेखी विचारून मगच शब्द निवडावा. संकेत म्हणून छापायचे आणि नियम म्हणून अडवायचे, ही प्रवाशाची फसवणूक आहे, मग ती कितीही गोड शब्दांत केलेली असो.

राहिली ‘सक्ती’. ‘एन्फोर्स’ या क्रियापदासाठी आपण चटकन ‘सक्ती करणे’ लिहितो आणि वाद तेथेच बिघडतो. सक्ती म्हणजे सुटकेला वाट न ठेवता लादणे. फारसीतील ‘सख्ती’चा कडकपणा त्या शब्दात आहे आणि ‘सक्तमजुरी’त तो आपल्याला रोज दिसतो. ‘एन्फोर्स’ला आपला खरा शब्द ‘अंमलबजावणी’ आहे. क्युनार्डच्या जहाजांवर गाला संध्याकाळीही समारंभी पोशाख न करणाऱ्यांसाठी बुफे आणि पब यांसारख्या जागा खुल्या असतात. जेथे प्रवाशाला दुसऱ्या दालनात पोटभर आणि मानाने जेवता येते, तेथे एका दालनापुरत्या नियमाला सक्ती म्हणणे मला पटत नाही. असा नियम जहाजांनी ठेवावा आणि ठेवला तर त्याची अंमलबजावणीही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एकाला टी-शर्टवर आत सोडले की ज्या दुसऱ्याने सूट वाहून आणला त्याच्याशी तो पंक्तिभेद होतो.

प्रतिसाद

आपले विवेचन आवडले, परंतु एक शंका आहे. ज्याने प्रवासाचे पूर्ण भाडे भरले आहे, त्याने मुख्य भोजनदालनाचेही भाडे भरलेले असते. त्याला ‘तुम्ही बुफेकडे जा’ असे सांगणे म्हणजे पाटावरून उठवणे नव्हे काय? आणि डिनर जॅकेट हा एका विशिष्ट समाजाचा पोशाख आहे. 2014 साली चेन्नईतील एका क्लबमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी (तमिळ पद्धतीचे धोतर) नेसल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला आणि तमिळनाडूला त्यासाठी कायदा करावा लागला. त्याच वृत्तीला आपण ‘शोभा’ म्हणत आहोत का?

प्रतिसाद

शंकेचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो अधिक गंभीर आहे. वेष्टी हा तमिळ माणसाचा समारंभी पोशाख आहे. लग्नात, देवळात, सभेत तो मानाने नेसला जातो. त्या क्लबचा दोष पोशाखाचा नियम असण्यात नव्हता. ‘समारंभी’ म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार एकाच संस्कृतीला देण्यात होता. तमिळनाडूच्या कायद्याने नेमके तेच दुरुस्त केले. ‘वेषभूषेचे कुठलेही बंधन नको’ असे न म्हणता आपला पारंपरिक पोशाख करून येणाऱ्याला अडवता येणार नाही, एवढे त्याने सांगितले. क्युनार्डच्या नियमातही आपापल्या देशाचा समारंभी पोशाख चालतो. म्हणून आपल्या मराठी पत्रकात ही सवलत तळटीपेत न टाकता पहिल्याच ओळीत यावी : नऊवारी, पैठणी, धोतर-अंगरखा, शेरवानी किंवा बंदगळा चालेल, सूट असल्यास टाय हवा. एवढ्या शब्दांनी आमच्या दादाची संध्याकाळ वाचली असती.

पहिल्या भागात आपले म्हणणे मला अर्धे मान्य आहे. तिकीट काढताना नियम सांगितला नसेल, तर दालनाचे भाडे घेऊन दार बंद करणे हा अन्याय आहे आणि तेथे प्रवाशाला आत सोडलेच पाहिजे. नियम आधी सांगितला असेल, तर त्याने भरलेल्या भाड्यात तो नियमही आला. मात्र ‘बुफेकडे जा’ असे म्हणण्यापूर्वी तेथे काय वाढले जाते, हे पाहायला हवे. मुख्य दालनात पाच पदार्थांची मेजवानी आणि दुसरीकडे दुपारचे उरलेले, असा प्रकार असेल, तर आपला ‘पाटावरून उठवणे’ हा शब्द अगदी योग्य आहे आणि तेथे मी माझा ‘अंमलबजावणी’ हा शब्द मागे घेईन.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. ‘समारंभी पोशाख’ आणि ‘वेशनियम’ हे शब्द घेत आहे. कंपनीकडे विचारणा केली असता, कोट नसल्यास दाराशी अडवले जाते, असे उत्तर आले. मूळ पत्रकात मात्र ‘सजेस्टेड’ असे छापले आहे. याचे भाषांतर ‘सुचवलेला’ असेच करावे लागेल का?

प्रतिसाद

करू नये. कंपनीचे उत्तर जोडून मूळ शब्द बदलण्याची विनंती करावी आणि ती मान्य होईपर्यंत मराठी पत्रकात असे वाक्य घालावे : ‘मुख्य भोजनदालनात समारंभी पोशाखाशिवाय प्रवेश मिळत नाही, इतर दालनांत नेहमीच्या कपड्यांत जेवता येते.’ कोट भाड्याने मिळत असेल तर त्याचे भाडे आणि मिळण्याचे ठिकाण त्याच परिच्छेदात द्यावे, आणि मापे किती उपलब्ध आहेत तेही अवश्य विचारावे.