सकाळचा गार तास कोणाच्या वाट्याला येतो?

धागाकर्ती (लिपिक, तालुका कार्यालय)
'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. आमच्या शाखेत खुर्च्या सारख्या, फायली सारख्या आणि सुटण्याची वेळही सव्वासहाचीच आहे. तरीही पुरुष सहकारी तेथून मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला जातात आणि अपडाउन करणाऱ्या आम्ही तिघी एसटीच्या थांब्यावर उभ्या असतो. पुरुषांना सोबत मिळाली की ते खेळतात. आमचे मात्र घरचे घड्याळ आणि रस्त्यावरचा उजेड ठरवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चालण्याजोगा वेळ पहाटे पाच ते साडेसहा एवढाच उरतो, आणि नळ येण्याची व डबे करण्याची वेळही नेमकी तीच असते.

प्रतिसाद १ (वरिष्ठ सहायक)
ताई, आपले म्हणणे मला एकांगी वाटते. मैदानावर दिसतात ते पंचविशी-तिशीतले. पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या आम्हा पुरुषांचे काय? २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, म्हणजे शनिवार सर्वांनाच मिळाला. शिवाय झाडणे, धुणे, पाणी भरणे ही हालचाल नव्हे काय?

धागाकर्ती
भाऊ, ती हालचाल आहेच. जागतिक आरोग्य संघटनाही घरकाम हिशेबात धरते. परंतु आठवड्याला किमान १५० मिनिटे हवी असते ती दम वाढवणारी मध्यम हालचाल, आणि ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटल्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा दिवसाचा वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला होता. आठवडाभराचे उरलेले काम शनिवारीच निघते, म्हणून तो शनिवार माझ्या पायांना मिळालेला नाही.

प्रतिसाद २ (पर्यवेक्षिका)
मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. "हिला घरी काम नाही वाटते" हे बोलणे मला पुरुषांकडून नव्हे, शेजारच्या काकूंकडून ऐकावे लागले, आणि त्या धास्तीने मी बूट दोन वर्षे कपाटातच ठेवले होते. आता आम्ही चौघी मधल्या सुटीत, पदर खोचून, आवारातल्या कडुनिंबांच्या सावलीत पंधरा मिनिटे झपाझप चालतो. हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजायची, ही जुनी अटही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात उरलेली नाही.

प्रतिसाद १
आवारातले चालणे उत्तम, पण उन्हाळ्यात दुपारी दीड वाजता ते कोणालाच झेपणार नाही, म्हणून पहाटेचाच प्रश्न खरा आहे, एवढे मी मान्य करतो. आमच्याकडे पाणी सौ. भरतात आणि मी तेव्हा फिरायला गेलेलो असतो. तरीही वयाचा आणि मधुमेहाचा मुद्दा मी मागे घेत नाही. त्याबद्दलही येथे कोणी लिहावे.